रिकर्व्ह धनुष्यावर दोरी चढवणं : माझा अनुभव

हाताने घडवलेल्या रिकर्व्हची, म्हणजे टोकं पुढे वळलेल्या धनुष्याची, दोन टोकं कधी तंतोतंत सारखी नसतात. खाच गोल कानशीने पाडलेली, दोरी टेकायचा चर डोळ्याच्या अंदाजाने घासलेला. म्हणून दोरी चढवताना जोर लावायचं काम थोडं आणि फास बुडापर्यंत बसलाय की नाही हे बघायचं काम जास्त. माझं धनुष्य 60 इंची, 28 इंच खेच धरली तर 40 पौंडांचं. आत बांबू आणि लाकडाच्या पट्ट्या, दोन्ही अंगांनी फायबरग्लास. पुढची मापं त्याचीच आहेत.

दोरीची लांबी धनुष्यापेक्षा 4 इंच कमी धरतो, म्हणजे 56. माप घेताना टेप एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत वळणाला चिकटवून न्यायचा, हवेत ताणलेला नको. धागा डेक्रॉन बी-50. 35 ते 45 पौंडांना 12 पदर, 45 ते 55 पौंडांना 14. कमी ताणणाऱ्या फास्टफ्लाइट जातीच्या धाग्याने बाण जोरात जातो खरा, पण टोकावर जादा मजबुतीचा थर चढवलेला नसेल तर तो धागा लाकडात रुततो आणि टोक चिरतो. घडवणाऱ्याने स्वतः सांगितल्याशिवाय तो वापरू नये. वरचा फास मोठा, अडीच-तीन इंचांचा, कारण तो आधी लिम्बवर, म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या बाहूवर, खाली सरकवून ठेवायचा असतो. खालचा दीड-दोन इंच पुरे.

ताण देण्याआधी दोन्ही फास नुसते हाताने खाचेत ठेवून बघतो. फास बुडाला टेकला पाहिजे आणि दोन्ही बाजूंना सारखा आत गेला पाहिजे. फासावर गुंडाळलेला धागा जाड झाला, तर तो खाचेच्या तोंडाशीच अडतो. बघताना बसल्यासारखा दिसतो आणि पहिल्या ताणातच निसटतो. तिथे गोल कानशीचे दोन-तीन हलके हात पुरतात, दोन्ही बाजूंना मोजून तेवढेच. मग 220 चा आणि त्यावर 400 चा पॉलिश पेपर. धार राहिली का हे बोटाला कळत नाही, कापसाला कळतं. कापसाचा बोळा खाचेवरून फिरवायचा. एक तंतू जरी अडकला तरी तिथेच पुढे दोरीचा पदर तुटणार.

आता स्ट्रिंगर. दोन टोकांना चामड्याच्या टोप्या आणि मधे दोर, एवढंच ते साधन, पण त्याच्याशिवाय रिकर्व्ह चढवू नये. मांडीत अडकवून वाकवण्याची पद्धत अजून दिसते. तिच्यात एका लिम्बवर तिरका दाब येतो, तो पीळ खातो आणि मग दोरी चरात राहत नाही. कोल्हापुरात चामड्याचं काम करणाऱ्यांची वाण नाही. चपलेच्या तळाला लागतं तसलं म्हशीचं जाड चामडं घेऊन टोप्या शिवून घेता येतात. शिलाई चामड्याच्याच वादीची करायला सांगायची आणि आतून मऊ अस्तर लावायचं, नाहीतर टोकाचं पॉलिश खरवडतं. दोर 4 मिलिमीटरचा नायलॉनचा. सुतळी किंवा सुती दोर अजिबात नको. मूठ गुडघ्याच्या थोडी वर धरली की दोर जमिनीला टेकला पाहिजे, एवढीच त्याची लांबी.

चढवताना धनुष्य आडवं धरायचं, आतली, म्हणजे दोरीकडची बाजू जमिनीकडे. उतरवलेल्या रिकर्व्हची टोकं तेव्हा वर वळलेली दिसतात आणि नवख्याला तेच उलटं वाटतं. ज्या बाजूला टोकं वळलेली असतात त्याच्या विरुद्ध बाजूला दोरी येते. चुकून दुसऱ्या बाजूने वाकवलं तर लिम्ब मोडतो. खालचा फास खाचेत बसवून त्यावर मोठी टोपी, वरच्या टोकावर छोटी टोपी, वरचा फास तिच्या मागे लिम्बवर. रबरी तळाचे बूट घालून दोन्ही पाय दोरावर ठेवायचे, साधारण खांद्याएवढं अंतर सोडून. डाव्या हाताने मूठ सरळ वर उचलायची, पाठ न वाकवता. लिम्ब वाकतील तसा उजव्या हाताने फास वर सरकवत न्यायचा. बोटं फासाच्या बाजूला ठेवायची, दोरी आणि लिम्बच्या मधे कधीच नाही. तोंड टोकाच्या रेषेतून बाजूला.

फास खाचेत पडला की लगेच धनुष्य खाली घ्यायचा मोह होतो. तिथेच थांबायचं. उचललेलं तसंच धरून वरच्या टोकाकडे बघायचं : फासाचे दोन्ही पाय खाचेत आहेत का, दोरी चराच्या मधोमध आहे का. मग सावकाश खाली. खालचा फास टोपीखाली झाकलेला असतो आणि निसटतो तो बहुतेक वेळा हाच. टोपी काढताना ते टोक कुणाकडेही रोखलेलं नको. फास अर्धवट दिसला तर बोटाने ढकलायचा नाही. टोप्या पुन्हा चढवायच्या, ताण काढायचा, मग बसवायचा.

त्यानंतर दोरी चार-पाच इंच खेचून हातानेच परत आणायची, दोन-तीनदा. मधेच सोडायची नाही, बाणाशिवाय सुटलेल्या दोरीचा सगळा धक्का लिम्ब खातात. पुन्हा दोन्ही टोकं बघून ब्रेस हाइट मोजतो, म्हणजे मुठीच्या सर्वांत खोल जागेपासून दोरीपर्यंतचं अंतर. या लांबीच्या धनुष्याला साडेसात ते साडेआठ इंच. कमी भरलं तर दोरी उतरवून पीळ वाढवायचा, तोही सर्व्हिंगच्याच (दोरीवर गुंडाळलेल्या धाग्याच्या) दिशेने, उलटा दिला तर सर्व्हिंग सैल होते. 20 च्या आसपास पीळ ठीक. गाठी पडू लागल्या तर दोरीच लांब आहे, नवी करावी. डेक्रॉन सुरुवातीला ताणतो, त्यामुळे पहिल्या दिवशी ब्रेस हाइट पुन्हा पुन्हा मोजावी लागते.

शेवटी धनुष्य हातभर लांब धरून दोरीच्या रेषेत नजर लावायची. दोरीने दोन्ही लिम्ब बरोबर मधोमध दुभागले पाहिजेत. एका टोकाला दोरी बाजूला गेली असेल तर आधी फास पुन्हा बसवून बघतो. तरीही तेच दिसलं तर खाचेची एक बाजू खोल आहे किंवा लिम्बला पीळ आहे. हलका पीळ धनुष्य चढवलेलं असतानाच हाताने उलट दिशेला अर्धा मिनिट धरून काढता येतो. आपल्याकडे तो बहुतेक एप्रिल-मेमध्ये येतो, उन्हात लावलेल्या गाडीच्या डिकीत धनुष्य राहिलं की थरांमधला गोंद मऊ पडतो. पावसाळ्यात ते कोपऱ्यात उभं करू नये, भिंतीला दोन खुंट्यांवर आडवं ठेवावं. दोरीला महिन्यातून एकदा मधमाश्यांचं मेण चोळावं, बोटांच्या उबेने आत जिरेपर्यंत.

सराव संपला की त्याच स्ट्रिंगरने उतरवायचं. उतरवल्यावर वरच्या फासातून जाड दोरा ओवून टोकाला बांधतो, म्हणजे दोरी किंचित ताणलेली राहते. तो नसेल तर खालचा फास खाचेतून गळून पडतो आणि मोजून दिलेला पीळ सुटतो.