काठमांडूच्या पोरांचा राग कुणावर होता

नेपाळच्या सहली मी बरीच वर्षं नेतो आहे. आमच्याकडे येणारी मंडळी बहुतेक साठीच्या पुढची. पशुपतिनाथ, मुक्तिनाथ, पोखरा आणि मग काठमांडूहून मुंबईचं विमान. 9 सप्टेंबर 2025 च्या मंगळवारी आम्ही काठमांडूच्या ठमेल भागातल्या एका हॉटेलात अडकलो होतो. संचारबंदी लागली, सकाळचं पशुपतिनाथाचं दर्शन रद्द झालं आणि दुपारी विमानतळही बंद झाला.

आदल्या दिवशी सरकारने 26 समाजमाध्यमांवर घातलेल्या बंदीविरुद्ध आणि भ्रष्टाचाराविरुद्ध पोरं रस्त्यावर उतरली होती. त्यात शाळा-कॉलेजच्या गणवेशातलीही होती. संसदेसमोर, न्यू बानेश्वरला, गोळीबार झाला. त्या एका दिवसात देशात 19 जीव गेले. आमच्या रिसेप्शनवरच्या बावीस वर्षांच्या पोराचा मित्र मांडीला गोळी लागून हॉस्पिटलात होता. रात्रभर जागून तो सकाळी पुन्हा कामावर हजर, डोळे तांबारलेले.

दुपारी पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिल्याची बातमी आली आणि गल्लीत एकच जल्लोष झाला. हा पोरगाही दारात उभा राहून घसा फोडून घोषणा देत होता. तेवढ्यात सिंहदरबारच्या, म्हणजे सरकारच्या मुख्य सचिवालयाच्या, बाजूने काळाभोर धूर चढू लागला. शहरातलं एक मोठं हॉटेलही पेटल्याचं कळलं, तसं मॅनेजरने सगळ्या पाहुण्यांना खालच्या मजल्यावर आणायला सांगितलं. लिफ्ट बंद. आमच्या एका काकूंचे दोन्ही गुडघे गेलेले, आणि खोली वरच्या मजल्यावर. हाच पोरगा स्वयंपाकघरातल्या एकाला घेऊन वर धावला. त्यांनी काकूंना खुर्चीत बसवलं, ओढणीने कमरेशी सैलसर बांधलं आणि पायरी-पायरीने खाली आणलं. काकू रामरक्षा म्हणत होत्या. तो उलटा चालत, मागची पायरी टाचेने चाचपत, सारखं म्हणत होता, ‘‘आमा, नडराउनुस्, आमा.’’ म्हणजे, आई, घाबरू नका.

साताऱ्याकडचे एक निवृत्त मुख्याध्यापक हे सगळं जिन्याखाली उभं राहून बघत होते. चहा आल्यावर त्यांनी त्याला हिंदीत विचारलं, ‘‘बाळ, इतकं जपतोस म्हाताऱ्या माणसांना. मग बाहेर हे काय चाललंय? वडीलधाऱ्यांवर हात टाकतात का?’’ माजी पंतप्रधान देउबा आणि त्यांच्या पत्नीला घरात घुसून मारल्याचा व्हिडिओ एव्हाना सगळ्यांच्या मोबाइलवर आला होता. देउबा 79 वर्षांचे.

पोरगा चिडला नाही. म्हणाला, ‘‘गुरुजी, दसैंला, आमच्या दसऱ्याला, मी गावी जाणार. हजुरआमाच्या, म्हणजे आजीच्या, हातचा टिळा लावून घेतल्याशिवाय आमचा सण होत नाही. पण 2015 पासून ओली, देउबा आणि माओवादी नेते प्रचंड, हे तिघेच आळीपाळीने पंतप्रधान. माझी अख्खी शाळा, अख्खं कॉलेज त्यांच्यातच संपलं.’’ मग त्याने एका मंत्र्याच्या मुलाचा फोटो दाखवला. महागड्या विदेशी ब्रँडच्या खोक्यांची ख्रिसमस ट्री रचून शेजारी उभा. ‘‘माझा बाप कतारमध्ये उन्हात सळ्या बांधतो. दर महिन्याला पैसे येतात, बाप येत नाही.’’

गुरुजी लगेच पटवून घेणाऱ्यांतले नव्हेत. ओलींनी राजाच्या पंचायत राजवटीत 14 वर्षं तुरुंगात काढली, प्रचंड दहा वर्षं जंगलातून लढले, तेव्हा कुठे राजेशाही गेली, हे त्यांनी त्याला सुनावलं. पोरगा म्हणाला, ‘‘माहीत आहे. माझे आजोबा त्यांच्याच सभांना जायचे. म्हणून तर जास्त लागतं.’’

मला आजही वाटतं, त्या दोघांत पोराचं म्हणणं खरं होतं. ज्यांनी एकेकाळी सत्तेला जाब विचारला तेच खुर्चीला चिकटले, तर नातवंडांनी जाब कुणाला विचारायचा? आपल्याकडे मात्र बातम्या बघून सरसकट बोललं गेलं की शेजारच्या देशातली तरुण पिढी बिघडली, मोठ्यांचा मान राहिला नाही. मी तिथे होतो. मान कुठे गेला नव्हता. पण देउबांच्या घरात जे झालं त्याला माझ्याकडे क्षमा नाही, आणि सिंहदरबार, सर्वोच्च न्यायालय जाळण्यालाही नाही. त्या कचेऱ्यांतली कागदपत्रं त्याच पोरांच्या देशाची होती. हे मी त्यालाही सांगितलं. तो गप्प राहिला. मग एवढंच म्हणाला, की आग लावणारे सगळे आमचे नव्हते.

रात्री रस्ते लष्कराने ताब्यात घेतले. दुसऱ्या दिवशी पोरंपोरी झाडू आणि पोती घेऊन जळका कचरा उचलायला आली. विमानतळ उघडला आणि आमची मंडळी सुखरूप घरी पोचली.

12 सप्टेंबरला सुशीला कार्की हंगामी पंतप्रधान झाल्या. माजी सरन्यायाधीश, वय 73. डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर हजारोंनी चर्चा करून, मतं घेऊन पोरांनीच त्यांचं नाव पुढे केलं होतं. गुरुजींनी ही बातमी ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं, ‘‘आपल्या पोराला माझा आशीर्वाद कळवा.’’ मी कळवला. त्याचं उत्तर आलं: जपानला जायचे कागद त्याने आधीच भरले होते, ते काही तो मागे घेणार नव्हता; पण 5 मार्च 2026 ला निवडणूक ठरली होती, तर मत देऊनच निघणार होता.