दोर तुटले की कापले?

सातवीच्या चाचणीत मी ‘परतीचे दोर कापणे’ याचा अर्थ ‘सगळे मार्ग बंद होणे’ असा लिहिला होता. मराठीच्या बाईंनी त्यावर चूक दिली नाही की बरोबर. बाजूला लाल शाईनं एवढंच लिहिलं: ‘सहलीत विचार.’

सहल फेब्रुवारीत सिंहगडाला गेली. तानाजी कड्याच्या वाऱ्यात उभं राहवत नव्हतं. बाईंनी आम्हाला कड्यापासून लांब बसवलं आणि गोष्ट सुरू केली. १६६५ च्या पुरंदरच्या तहात महाराजांना २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले, त्यांत कोंडाणाही गेला. तो परत घ्यायला रायबाचं लगीन मागं ठेवून तानाजी मालुसरे निघाले. ४ फेब्रुवारी १६७० ची रात्र, माघ वद्य नवमी. मावळे दोरावरून वर आले. उदेभान राठोडाशी लढताना तानाजी पडले आणि सरदार गेला म्हणून माणसं दोरांकडे पळू लागली. तेव्हा त्यांचे भाऊ सूर्याजी आडवे आले. दोर कापलेत, आता कड्यावरून उड्या टाका नाहीतर गनिमावर तुटून पडा, असं ते म्हणाल्याची कथा घराघरांत सांगतात. मावळे फिरले, गड घेतला.

मग बाई माझ्याकडे वळल्या. “मार्ग बंद झाले, की केले?”

“केले.”

“कुणी?”

“सूर्याजींनी.”

“आणि त्यांना स्वतःला उतरायला वेगळा दोर होता का रे?”

मी गप्प झालो. दोर कापणारा माणूस त्याच गडावर उभा होता, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. पुढं जेवणात पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही होतं, पण माझं लक्ष त्यात नव्हतं.

१९९८ मध्ये पुण्यातली नोकरी सोडून गावी यंत्रांच्या सुट्या भागांचं वर्कशॉप काढायचं ठरवलं. घरच्यांचा आग्रह होता की वर्षभर बिनपगारी रजा टाक, जमलं नाही तर परत जाता येईल. सल्ला मायेचा होता आणि माझं मनही तिकडं झुकलं होतं. पण माझ्यासाठी दोन टर्नर आपापल्या नोकऱ्या सोडून येणार होते. त्यांच्यातल्या वयानं मोठ्या असलेल्यानं एका संध्याकाळी विचारलं, “साहेब, तुमची रजा आहे का राजीनामा?”

दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. त्याची पोचपावती आधी त्या दोघांना दाखवली, मग घरी.