ऑक्सिजन ९९, तरी दम का लागतो?

"मॅडम, मशीनवर ऑक्सिजन ९९ दाखवतंय, मग जिना चढताना मला दम का लागतो?" पंचवटीतल्या माझ्या छोट्या लॅबमध्ये हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच. करोनात घरोघरी बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आलं. त्यात एप्रिल २०२१ मध्ये इथल्या एका रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती होऊन माणसं गेली. तेव्हापासून नाशिककरांचा त्या आकड्यावर फार भरवसा. आकडा बहुतेक वेळा खरा असतो, पण तो तुमच्या प्रश्नाचं उत्तर नसतो.

ऑक्सिमीटर एवढंच सांगतं, की अंगात जे काही हिमोग्लोबिन, म्हणजे लाल पेशींतलं ऑक्सिजन वाहणारं प्रथिन, आहे त्यातलं किती टक्के ऑक्सिजनने भरलंय. हिमोग्लोबिन मुळात किती आहे, हे त्याला कळत नाही. सुरगाण्याच्या एसटीत एकही सीट रिकामी नाही, म्हणून गाड्या पुरेशा सुटतात असं कुणी म्हणेल का?

हिशोब करून बघा. १ ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन वाहून नेतं. एचबी, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तातलं हिमोग्लोबिन, १४ ग्रॅम असेल तर तेवढ्या रक्तात जवळपास १९ मिलिलिटर ऑक्सिजन असतो. एचबी ७ असेल तर ९ च्या आसपास. दोघांच्या बोटावर आकडा मात्र ९८-९९ च. बसल्या जागी शरीर त्यातला ५ मिलिलिटरच्या आसपास काढून घेतं, म्हणून एचबी ७ वाली बाईही खुर्चीत बसून आरामात गप्पा मारते. पांडवलेणीच्या पायऱ्या चढायला लागली की स्नायू जास्त मागतात आणि गाठीला काहीच उरलेलं नसतं.

ही तूट शरीर बरेच दिवस लपवतं, आणि मला खरी काळजी त्याचीच वाटते. हृदय जोरात आणि भरभर चालू लागतं. लाल पेशींमध्ये एक रसायन वाढतं, त्यामुळे हिमोग्लोबिन ऑक्सिजन लवकर सोडून देतं. कातडीकडे जाणारं रक्त मेंदू आणि हृदयाकडे वळवलं जातं. 'पांढरी पडलीस गं' म्हणतात ते त्यामुळेही. मूत्रपिंडं एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक सोडून अस्थिमज्जेला, म्हणजे हाडांतल्या मगजाला, 'अजून पेशी काढ' म्हणून सांगतात, पण लोहच नसेल तर ती तरी कुठून काढणार? काहींना रात्री उशीवर कान टेकला की स्वतःची नाडी ऐकू येते. काहींना माती, कच्चे तांदूळ, पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटते.

हे सगळं महिनोन्‌महिने हळूहळू होतं, म्हणून माणूस सावरून घेतो. तेवढंच रक्त अपघातात तासाभरात गेलं तर तो उभाही राहणार नाही. पेठ-सुरगाण्याहून दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत विरळणीला येणाऱ्या बायका दिवसभर हात वर करून काम करतात, त्यांच्यातली एखादी एचबी ६ घेऊन येते आणि म्हणते, "काही नाही, जरा थकायला होतं." २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं. थकवा सगळ्याच घरांत असला की तो कुणाला आजार वाटत नाही.

ऑक्सिमीटर खरंच फसतं ते दुसरीकडे. बंद बाथरूममध्ये गॅस गीझर चालू असेल तर कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून घट्ट चिकटतो, आणि यंत्राला ते भरलेलंच दिसतं. थंडीत अंघोळीला गेलेल्याला गरगरलं तर आकडा बघत बसू नका, आधी त्याला मोकळ्या हवेत आणा आणि थेट दवाखाना गाठा.

उपाय म्हणून सगळे बीट आणि डाळिंब सांगतात. डाळिंबावर आपल्या सटाणा-देवळ्याचं पोट आहे, खा की खुशाल. पण त्यात लोह नावापुरतंच असतं. लाल रंगाने रक्त वाढत नाही. लोहाची कमतरता असेल तर डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घ्या, त्यांच्यासोबत चहा टाळा, आणि बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका. एचबी वर आल्यावरही अंगातला साठा भरायला काही महिने लागतात.

पण आधी तपासणी. प्रत्येक कमी एचबी लोहाअभावी नसतो. आपल्या आदिवासी तालुक्यांत सिकलसेल हा आई-वडिलांकडून येणारा रक्ताचा आजार आहे. त्यात हिमोग्लोबिनने ऑक्सिजन सोडला की त्याचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोरे होतात आणि पेशी विळ्यासारखी वाकते. १२० दिवस जगणारी पेशी १०-२० दिवसांत फुटते, म्हणजे रक्त कमी. वर त्या ताठर पेशी बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात, म्हणजे आहे तेही पोचत नाही. हाडं असह्य ठणकतात. थंडीत किंवा पाणी कमी प्यायल्यावर हा त्रास हमखास वाढतो. अशा माणसाला न तपासता लोह देत राहणं चूकच. वारंवार रक्त चढवलेल्यांच्या यकृतात आणि हृदयात लोह आधीच साचलेलं असतं.

वाहकाला, म्हणजे आई किंवा वडील एकाकडूनच हा दोष आलेल्याला, सहसा काहीच त्रास नसतो. नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर दर गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. सॉल्युबिलिटी टेस्ट रक्तात दोष आहे एवढंच दाखवते. वाहक की रुग्ण हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या तपासण्यांवर ठरतं. म्हणून पहिल्याच टेस्टचा कागद घेऊन कुणी सोयरीक मोडायला निघालं, तर त्याला मी आधी बाकावर बसवते आणि दुसऱ्या तपासणीसाठी रक्त घेते.