गाजराचा डबा

दादाने माती पाठवली ती युरियाच्या गोणीतून. गावचा एक मुलगा परीक्षेसाठी सिद्धेश्वर एक्सप्रेसने मुंबईला येणार होता, त्याच्याबरोबर. अर्धा किलोची पुडी असेल म्हणून मी पर्समध्ये कापडी पिशवी घेऊन सकाळी दादरला उभी. त्या पोराने सीटखालून दहा-बारा किलोची गोणी ओढली. "मामा म्हणले, कमी पडाय नको." ती घेऊन मी घाटकोपरला आले. उलट्या दिशेची गाडी, तरी लेडीज डबा भरलेलाच. एका बाईंनी नाकाला पदर लावून विचारलं, "सुकट आहे का?" म्हटलं, "माती आहे." त्या जरा सरकून बसल्या.

मी एका कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये असिस्टंट आहे, एकोणीस वर्षं झाली. माहेर सांगोला तालुक्यातलं. दादाकडे तीन एकर भगवा डाळिंब. पाऊस संपता संपता त्याचा फोन आला होता, "आगं, झाडं उभीच्या उभी वाळाय लागल्यात. आधी एक फांदी पिवळी पडती, मग पंधरा दिसांत सगळं झाड. फळं तशीच लटकल्याली." आणि पुढे, "तुझ्याकडं लॅब हाय की. माती तपासून सांग, काय रोग हाय त्यो."

खरं तर तिथेच त्याला थांबवायला हवं होतं. पण भावाने एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या नोकरीचा काही उपयोग होईल असं म्हटलं होतं, मी हुरळले.

आधी गोणीचं. युरियाच्या गोणीत आलेल्या मातीतला नत्र मोजणं म्हणजे साखरेच्या डब्यातल्या चहात साखर किती ते बघणं. तो नाद सोडला. सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पाल्या-शेणातून मातीत आलेला कार्बन, मात्र बघता येणार होता, कारण युरियातला कार्बन आधीच पुरता ऑक्सिडाइझ झालेला असतो, कर्ब मोजायच्या डायक्रोमेटला तो दाद देत नाही. आमच्या मॅडमची परवानगी घेतली आणि प्रॅक्टिकल संपल्यावर बसले. वॉकली-ब्लॅकची पद्धत, १९३४ सालची, अजून सगळीकडे चालते. एक ग्रॅम चाळलेली माती, दहा मिली पोटॅशियम डायक्रोमेट, वर वीस मिली तीव्र सल्फ्युरिक ॲसिड. फ्लास्क हाताला चटका देतो. अर्धा तास ठेवायचं, पाणी घालायचं, मग फॉस्फरिक ॲसिड आणि डायफिनिलअमाइन, आणि ब्युरेटमधून फेरस अमोनियम सल्फेट. गढूळ जांभळा रंग निळ्यावर येतो आणि एका थेंबाला झटकन हिरवा होतो. मुलांना तो थेंब सापडत नाही, ती पुढे निघून जातात. मला झोपेतही सापडेल.

ब्लँक, म्हणजे माती न घातलेला फ्लास्क, २० मिली, नमुना १४. जेवढा फरक जास्त तेवढा कर्ब जास्त. म्हणजे कर्ब ०.९ टक्के. ०.७५ च्या वर गेला की भरपूर म्हणतात. मी दोनदा केलं, तेच. सांगोल्याच्या चुनखडीच्या मुरमाड रानात ०.९? मी दादाला मोठ्या आनंदाने फोन केला.

"व्हय का? मग बरं हाय," तो म्हणाला. मग जरा थांबून, "मी आपली बांधाच्या कडंची घेतली. मधी चिखल व्हता."

बांधावर गवत, त्याची मुळं, जनावरं बांधायची जागा. मी बांधाची तब्येत तपासत होते. दुसऱ्यांदा मी फोनवरून एकेक सांगत नमुना काढून घेतला. पाच-सहा झाडं निवड, खोडापासून लांब पण मुळाच्या कक्षेत. वरचा पालापाचोळा बाजूला कर. फूटभर खोल खड्डा, कडेची खापरी वरपासून खालपर्यंत सारखी तास. लोखंडी खुरपं नको, लाकडाची काठी घे. सगळं घमेल्यात नको, प्लास्टिकच्या कागदावर मिसळ, चार भाग कर, समोरासमोरचे दोन टाक. असं अर्धा किलो उरेपर्यंत. वहिनी मागून म्हणत होत्या, "रांगोळी काढाय लागलाय का?"

ती माती आली तेव्हा ब्युरेट १७.५ वर थांबलं. कर्ब ०.३८. या पद्धतीत सगळा कर्ब जळत नाही, साधारण ७७ टक्केच पकडला जातो, म्हणून काही ठिकाणी १.३ ने गुणतात. तसं केलं तरी ०.४९. अर्ध्या टक्क्याच्या आत, म्हणजे कमीच.

"म्हंजे शेणखत कमी पडलं म्हणून झाडं मेली का?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि तेव्हा कुठे मला कळलं की मी आठवडाभर जे करत होते ते दादाने विचारलेलंच नव्हतं. सरकारच्या मृदा आरोग्य पत्रिकेवर बारा आकडे असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मँगनीज, बोरॉन, सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब. त्यात बुरशी कुठेच नाही. ती पत्रिका म्हणजे माणसाच्या रक्तातलं लोह आणि मीठ. टीबी त्यात दिसत नाही. २०१५ पासून गावोगाव ही कार्डं वाटली गेली, चांगलं झालं, पण नावातल्या 'आरोग्य' या शब्दाने माझ्या भावासारख्या कितीजणांचा असाच समज झाला असेल.

मग मी आमच्या बॉटनीच्या बाईंकडे गेले. त्यांनी आकड्यांकडे बघितलंसुद्धा नाही. "खोड कापून फोटो मागव." दादाने जमिनीलगत करवत लावली. फोटोत गाभ्यापासून बाहेर करड्या-काळ्या रेघा फाकलेल्या, चांदणीसारख्या. साल नीट बघ म्हटल्यावर टाचणीच्या डोक्याएवढी भोकंही सापडली. खोडभुंगेऱ्याची. बाई म्हणाल्या, "सेराटोसिस्टिस असावी. गाजर आण."

मला वाटलं चेष्टा करतायत. पण ही बुरशी लॅबमध्ये बुरश्या वाढवायच्या नेहमीच्या माध्यमावर सहज येत नाही, बाकीच्या बुरश्या आधी वाढतात आणि तिला दाबतात. गाजरावर मात्र ती खुशाल येते. रोगट लाकडाची चकती दोन गाजराच्या चकत्यांमध्ये सँडविचसारखी ठेवायची, खाली ओला कागद, झाकण लावायचं, आठवडाभर वाट बघायची. कॉलेजला दिवाळीची सुट्टी लागत होती, म्हणून डबा घरी आला. फ्रिजवर ठेवला, चिठ्ठी लावली.

चिठ्ठी पडली असावी. पाचव्या दिवशी सासूबाईंनी डबा घासून पालथा घातला होता. "अगं, गाजराला बुरशी आली होती. किती दिवसांचा होता?" वर मला ऐकवलंच, भाजी फुकट घालवते म्हणून.

लाकडाचे तुकडे अजून शिल्लक होते. दुसरा डबा मी त्यांना दाखवून ठेवला आणि मग त्या माझ्यापेक्षा जास्त लक्ष ठेवू लागल्या. आठव्या दिवशी त्यांनीच हाक मारली, "याला केळ्याचा वास का येतोय?" खरंच येत होता. भिंगातून बघितलं तर गाजरावर काळे बारीक गोळे, प्रत्येकाला लांब मान, आणि मानेच्या टोकाला दुधी रंगाचा चिकट थेंब. बीजाणू त्या थेंबात असतात. किडे अंगाला चिकटवून नेतात, कात्री नेते, ड्रिपचं आणि पावसाचं वाहतं पाणी नेतं. बाईंनी स्लाइड बघून मान डोलावली, पण म्हणाल्या, नक्की सांगायचं तर मूळ आणि खोड घेऊन भावाला सोलापूरला, केगावच्या डाळिंब संशोधन केंद्रात पाठव. कॉलेजच्या मायक्रोस्कोपवर तीन एकरांचा निर्णय घ्यायचा नसतो.

तोवर मी दादाची वही मागवली. फवारणी आणि आळवणी (मुळाशी औषध ओतणं) तो तारखेनिशी लिहितो, आप्पांची सवय. त्यात दिसलं: सोमवारी ड्रिपमधून ट्रायकोडर्मा, गुरुवारी कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची आळवणी. दोन्ही दुकानदाराने एकाच बिलात दिलेलं. ट्रायकोडर्मा हीसुद्धा बुरशीच, रोगाच्या बुरशीला खाणारी. कार्बेन्डाझिम तिला आधी मारतं. म्हणजे सोमवारी राखणदार नेमला आणि गुरुवारी आपणच त्याला विष घातलं. आणि नसतं घातलं तरी ०.३८ कर्बाच्या रानात त्याने जगायचं कशावर? म्हणून तर कुजलेल्या शेणखतात मिसळून, ओलसर ठेवून, आठ-पंधरा दिवसांनी घालायला सांगतात. इथे माझा आकडा शेवटी थोडाफार कामाला आला. शेणखत कमी म्हणून झाडं मेली नाहीत, पण रोगाशी भांडणारे सूक्ष्मजीव तिथे नव्हते यात त्या आकड्याचा हात आहे.

दादाने अकरा झाडं मुळासकट काढून रानाच्या कडेला जाळली. ओढत नेऊ नको, गोणपाटात गुंडाळून ने, असं मी दहा वेळा बजावलं. ड्रिपर खोडाला चिकटून होते, ते बाहेर सरकवले. छाटणीची कात्री आता दर झाडाला हायपोक्लोराइटच्या, म्हणजे ब्लीचच्या पाण्यात बुडवतो. गडी हसतात. शेजारच्या रांगेतल्या सहा झाडांचं काय करायचं यावर आमचं अजून भांडण चालू आहे. माझ्या मते तीही काढावीत, पण त्यांवर फळं आहेत आणि काढायला मी जाणार नाहीये.

गाजराचे तुकडे ब्लीचमध्ये रात्रभर बुडवून टाकले. डबा मात्र सासूबाईंनी स्वयंपाकघरातून कायमचा हद्दपार केला, त्यात आता कपड्यांचे चिमटे आहेत.

आणि ती पहिली गोणी, बांधावरची. ती बाल्कनीत पडून होती. बांध रोगट झाडांपासून लांब आहे, हे दादाला तीनदा विचारून घेतल्यावर सासूबाईंनी कुंडीत भरून पुदिना लावला. एवढा हिरवागार आलाय की मजल्यावरच्या बायका विचारतात, कुठून आणली माती? सासूबाई सांगतात, सुनेच्या माहेरची. युरियाचं मी काही बोलत नाही.