कायमचा पत्ता

घरातल्या मारहाणीतून बाहेर पडलेल्या बायकांच्या निवाऱ्यात आज माझी पाळी होती. संध्याकाळी एक बाई आली, हातात एकच पिशवी. आत मुलाचं लसीकरणाचं कार्ड, शाळेचा दाखला, फोनचा चार्जर. स्वतःचा एकही कपडा नाही. "कागद आधी उचलले," म्हणाली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

घर सोडून दोन महिने झाले. आधी बहिणीकडे, मग मैत्रिणीकडे, मग तिच्या ओळखीच्या कुणाकडे. अशा बाया फुटपाथवर दिसत नाहीत, त्यामुळे बेघरांच्या मोजणीतून सहज निसटतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अंदाजानुसार जगातल्या सुमारे ३० टक्के स्त्रियांनी आयुष्यात कधी ना कधी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसली आहे. तरी लोक विचारतात, आधीच का नाही निघाली? मीही विचारायचे पूर्वी. आता लाज वाटते. निघून जायचं कुठे? शिवाय बाई निघते तेव्हाच जिवाचा धोका बहुतेकदा वाढतो.

लंडनच्या चिस्विकमध्ये १९७१ साली बायकांना भेटायला, बोलायला एक जागा सुरू झाली आणि तिचाच पुढे निवारा झाला. आधी नुसतं बोलणंच होतं, हे मला फार आवडतं.

हिच्या बाबतीत शेजारीण होती. कार्यकर्ती वगैरे नाही. भिंतीपलीकडून आवाज वाढला की काहीतरी मागायच्या निमित्ताने बेल वाजवायची. तेवढ्यापुरता हात थांबायचा. कागदांची पिशवीही तिच्याच कपाटात होती.

फॉर्म भरताना 'कायमचा पत्ता' हा रकाना आला. दोघी थांबलो. मग ती म्हणाली, "पुढचं विचारा."