मखमलाबादच्या शेतातला उंबर, विहीर आणि आमचा बांधकाम परवाना

नाशिकजवळच्या मखमलाबाद शिवारातल्या आमच्या १४ गुंठ्यांवर दोघा भावांसाठी घर बांधायचे ठरले, तेव्हा तिथली द्राक्षबाग मोडून सात वर्षे झाली होती. पूर्वेच्या बांधावर बोरी आणि तरवड दाटले होते, कोपऱ्यात आजोबांच्या वेळची दगडी विहीर होती, तिच्यावर एक बाभूळ वाकली होती आणि थोड्या अंतरावर उंबर उभा होता. वास्तुविशारदांच्या पहिल्या नकाशात उंबराच्या जागी वाहनतळ आला, विहीर बुजवायची ठरली आणि बांधाच्या जागी कुंपणाची भिंत आली. मीही त्यावर सही केली, कारण झाडतोडीची परवानगी हा सर्वांच्या लेखी एक कागद होता.

तो कागद भरताना मात्र मी अडलो. महाराष्ट्राच्या १९७५ च्या झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमात २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनुसार ५० वर्षे वा त्याहून अधिक वयाचे झाड वारसा वृक्ष ठरू शकते आणि झाड तोडायचे झाल्यास त्याच्या वयाइतकी रोपे लावावी लागतात. आईला विचारले, तर ती म्हणाली, “विहीर १९६८ साली खोदली, तेव्हा गडी दुपारची भाकर याच उंबराखाली खायचे.” अर्ज मी तिथेच थांबवला. साठ रोपे लावण्याची माझी तयारी होती, परंतु उंबराला वर्षातून अनेकदा खोडावर आणि फांद्यांवर फळांचे घोस लागतात, त्या फळांत वाढणारी बारीक गांधीलमाशी उंबरावाचून जगू शकत नाही आणि इतर झाडे रिकामी असतात तेव्हा बुलबुल, कोकीळ, वटवाघळे त्याच्यावर पोट भरतात. साठ रोपे ते काम करू लागेपर्यंत माझी मुले म्हातारी होतील.

अर्जात झाडांसाठी रकाना होता; विहीर, बांध आणि घरटी यांच्यासाठी नव्हता. या सगळ्या प्रक्रियेत मला हीच गोष्ट सर्वांत खटकली. झाड तोडायला परवानगी लागते, पण दोनशे फुटांचा बांध यंत्राने अर्ध्या तासात सपाट केला, तर त्याची नोंद कुठेही होत नाही. त्यामुळे जे वाचवायचे ते आराखड्याच्या आधीच नकाशावर यायला हवे, असे माझे ठाम मत झाले. मी टेप घेऊन उंबराच्या फांद्यांचा घेर, विहिरीचा काठ आणि बांधाची रुंदी मोजली व तो कागद वास्तुविशारदांपुढे ठेवला. घर पाच मीटर पश्चिमेला सरकले आणि वाहनतळ रस्त्याच्या बाजूला गेला. सुधारित नकाशाला दोन महिने जास्त लागले, शुल्क पुन्हा भरावे लागले, आणि दादाने “एका झाडापायी?” असे विचारले, तेव्हा मला त्याचा रागही आला नाही, कारण घरभाडे तोच भरत होता.

त्या पावसाळ्यात विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीची २३ घरटी मी मोजली. त्यांपैकी काही अर्धवट विणलेली, शिरस्त्राणासारखी होती. मादीने पसंत केल्यावरच नर ती पूर्ण करतो. पिल्ले उडून जाईपर्यंत त्या बाजूला यंत्र आणायचे नाही, असे ठेकेदाराशी लेखी ठरवले आणि खोदाई नोव्हेंबरमध्ये सुरू केली.

तरीही एक चूक झालीच. मी एक दिवस गावाला गेलो असताना पायातला मुरूम उंबराच्या बुंध्याभोवती दोन फूट चढवला गेला. मुळांना मातीतल्या पोकळ्यांतून हवा लागते आणि असा भराव ती हवा तोडतो, त्यामुळे झाड त्याच वर्षी नव्हे, पण दोन-चार वर्षांत वठू शकते. सहा माणसांनी दोन दिवस घमेल्यांनी मुरूम हटवला. त्यानंतर फांद्यांच्या टोकापर्यंत पत्र्याचे कुंपण घातले आणि सिमेंटची घमेली, थापी धुण्याची जागा प्लॉटच्या दुसऱ्या टोकाला नेली. वरची फूटभर काळी माती वेगळी रचून ठेवली होती, ती काम संपल्यावर परत पसरली. उंबराची एक वाळकी फांदी छाटायला गडी चढला, तेव्हा तिच्यात रुपयाएवढे गोल भोक दिसले आणि आतून तांबट पक्ष्याने डोके बाहेर काढले. ती फांदी तशीच राहिली.

पूर्वेला भिंतीऐवजी तारेची जाळी लावून तळाशी वीतभर फट ठेवली, तिच्यातून मुंगसाची जोडी ये-जा करते. विहिरीच्या पाण्यावरच बांधकामाचे क्युरिंग, म्हणजे नवे काँक्रीट ओले ठेवण्याचे काम, झाले. भोगवटा प्रमाणपत्राच्या पाहणीच्या वेळी विहिरीला कठडा आणि वर जाळी हवी, असे सांगण्यात आले, आणि लहान मुलांच्या दृष्टीने ते योग्यच होते. जाळी काठाच्या पातळीवर बसवली, म्हणजे बाभळीची एकही फांदी न छाटता घरटी तिच्या वर मोकळी लोंबत राहतील.