ओठ हलवणाऱ्या मुली

शाळेच्या समूहगीतात मागच्या रांगेत उभ्या असलेल्या मुलांकडे कधी नीट बघा. मला आता सवयच लागलीये, पुढच्यांचं गाणं ऐकता ऐकता नजर मागे जाते, आणि बहुतेक शाळांमधे तिथे दोन-चार जण असे असतात की ज्यांचे ओठ हलतात पण आवाज येत नाही. लाजतात म्हणून नाही, त्यांना तसं सांगितलेलं असतं.

मी शहाद्याची, गाणं आणि पेटी शिकवते, आणि एका संस्थेमार्फत धडगाव-अक्कलकुवा भागातल्या आश्रमशाळांमधे जाते. मागच्या वर्षी ८ ऑगस्टला धडगावकडच्या एका आश्रमशाळेत होते, शाळेचं नाव लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी ९ ऑगस्ट, जागतिक आदिवासी दिन, आमच्या नंदुरबार जिल्ह्यात तो किती मोठा असतो ते इकडच्यांना सांगायला नको, मिरवणूक, ढोल, मांदल, नाच, सगळं. शाळेचाही प्रोग्राम होता आणि मुली स्वागतगीत म्हणणार होत्या, ते जरा बसवून द्या म्हणून बोलावलेलं. तळोद्याहून निघालो तर चांदसैली घाटात रस्त्यावर दगडमाती आलेली, जेसीबी येईपर्यंत थांबलो, पोचायला अकरा वाजून गेले.

प्रॅक्टिस पत्र्याच्या शेडमधे, वरून पाऊस, त्यामुळे पेटी जोरात वाजवायची आणि मुलींनी जोरात गायचं असा सगळा प्रकार. पेटीवर शाळेतले एक सर होते, विषय विज्ञान, पण भजनाची आवड, कुणी शिकवलेलं नाही, स्वतःच्या हिमतीवर पेटी शिकलेले. साक्रीकडचे, आहिराणी बोलणारे. या माणसाबद्दल मला आदर आहे हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून कुणाला ते खलनायक वाटायला नकोत, ते नसते तर त्या शाळेत गाणंच नसतं.

मुखडा ठीक झाला. अंतरा सुरू झाला आणि सगळं विस्कटलं. पुढच्या रांगेतल्या मुलींच्या मानेच्या शिरा फुगल्या, त्या अक्षरशः किंचाळत होत्या, मधल्या रांगेतल्या मुली एकदम खाली घसरून गुणगुणल्यासारखं काहीतरी करायला लागल्या, आणि मागच्या रांगेतल्या चौघी-पाचजणी शांतपणे ओठ हलवत होत्या. सरांनी पेटी थांबवली आणि हळूच मला म्हणाले, ह्यांना सूरच नाही मॅडम, काय करणार.

मी मागे गेले. सातवीतली एक उंच पोरगी, लाल रिबिनीच्या दोन वेण्या, हात पाठीमागे बांधून उभी. म्हटलं तुझा आवाज ऐकू येत नाही गं. ती खाली बघायला लागली, तर तिच्या शेजारची म्हणाली, "ती फक्त उभी राहते मॅडम. ती बेसूर आहे." हजेरी नंबर सांगावा इतक्या सहज. आणि ती पोरगी मान हलवून हो म्हणाली. पाचवीत असताना कुणीतरी तिला सांगितलं होतं, तेव्हापासून ती प्रत्येक प्रोग्रामला नवीन ड्रेस घालून, केसांना तेल लावून, स्टेजवर जाऊन ओठ हलवून खाली येत होती.

मला फार लागलं ते. आणि रागही आला, कुणा एकाचा नाही, पण ह्या मुली कुठल्या आहेत ते तर बघा. ह्यांच्या पाड्यावर होळीला रात्रभर गाणी चालतात, अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या होळीला तर कुठून कुठून लोक बघायला येतात. लग्नात बायकांचे दोन गट समोरासमोर बसतात, एक गट ओळ टाकतो, दुसरा उचलतो, तासन्‌तास चालतं आणि कुणी पेटी घेऊन सूर देत नाही. लहान पोरी आयांच्या मांडीवर बसून ते ऐकत मोठ्या होतात. त्या घरातली पोरगी शाळेत येते आणि बेसूर ठरते, म्हणजे गडबड पोरीत नाहीये, दुसरीकडे कुठेतरी आहे.

जेवणाच्या सुट्टीत पाऊस उघडला तेव्हा मी त्या मागच्या रांगेला मैदानाच्या टोकाला नेलं. समोर नाला, पलीकडे टेकडी, टेकडीवर दोन-तीन घरं. सातपुड्यात घरं अशीच लांब लांब, निरोप द्यायचा तर हाक मारावी लागते. म्हटलं समजा तुझी बहीण त्या घरात आहे, हाक मार. आधी सगळ्या हसल्या. मग त्या उंच पोरीने खरंच हाक मारली, शेवटचा स्वर लांब ओढून, आणि टेकडीवरच्या घरातून कुत्रं भुंकत बाहेर आलं. इतका मोकळा, गोल, न फाटणारा आवाज! माझ्या मोबाईलमधे तानपुऱ्याचं अॅप आहे, त्याला नेट लागत नाही, त्याच्यावर पट्ट्या, म्हणजे सा ची जागा, बदलत बदलत तिच्या हाकेचा लांबवलेला स्वर शोधला. काळी चारच्या (पेटीवर एका सप्तकातली चौथी काळी पट्टी) आसपास होता, तार सा, म्हणजे वरच्या सप्तकातला सा. परत हाक मारायला लावली, परत तिथेच. बाकीच्यांच्या हाकाही थोड्या खालीवर तिथेच. मग अॅपवर काळी चारचा तानपुरा चालू ठेवला आणि म्हटलं आता हाक नको मारू, तेवढाच आवाज "आ" करून लाव. लागला. तिथून पायरी पायरीने खाली सा पर्यंत आणलं. आली की. एक ग जरा हलला, बाकी सगळे स्वर जागेवर.

आता गडबड कुठे होती ते सांगते, कारण ही फक्त त्या एका शाळेची गोष्ट नाही.

सर गात होते काळी एकमधे. पुरुषाला ती पट्टी छान. पण मुली पुरुषाच्या सप्तकात गाऊ शकत नाहीत, त्या आपोआप वरच्या सप्तकातली काळी एक पकडतात. मुखड्याला ते चालून जातं. पण ह्या गाण्याचा अंतरा तार सप्तकातल्या ग पर्यंत जातो, आणि वरच्या काळी एकपासून मोजलं तर तो ग दहा-बारा वर्षांच्या पोरीला शिकवणीशिवाय फार उंच पडतो. मग काहीजणी किंचाळतात, काहीजणी एक सप्तक खाली पडतात आणि त्यांची नुसती गुणगुण ऐकू येते, आणि ज्यांचं मधेच कुठेतरी लटकतं त्यांना आपण बेसूर म्हणून मागे उभं करतो. आवाज चांगला, कान चांगला, फक्त सा चुकीच्या ठिकाणी दिलेला.

मी सरांना म्हटलं काळी चार घेऊया. ते घाबरलेच, म्हणाले एक मधे ही अवस्था आहे, चार तर अजून वर, पोरींचे गळे फुटतील. हा गैरसमज मला जवळपास सगळ्या शाळांमधे भेटतो, आकडा मोठा म्हणजे पट्टी उंच. त्यांना पेटीवर बोट ठेवून दाखवलं, ही तुमची काळी एक, ही वरच्या सप्तकातली मुलींची काळी एक, आणि ही काळी चार ह्या दोघींच्या मधे आहे. म्हणजे मुलींचा सा वर जात नाहीये, काळ्या-पांढऱ्या मिळून पाच पट्ट्या खाली येतोय. ते बराच वेळ पेटीकडे बघत राहिले, मग स्वतःच तीन-चारदा दोन्ही सा दाबून बघितले.

पुढची अडचण खरी होती. म्हणाले, "मॅडम, मना हात तठेच बठेल शे." (माझा हात तिथेच बसलाय.) बरोबरच आहे. पट्टी बदलली की बोटं बदलतात, आणि त्यांनी ते गाणं एकाच पट्टीत बोटांच्या सवयीने बसवलेलं. स्केल चेंजर पेटी, म्हणजे बोटं तीच ठेवून पट्टी बदलता येते अशी, असती तर काम सोपं, पण ती महाग आणि जड, आश्रमशाळेत कुठून येणार. म्हणून मग संध्याकाळी बसलो. आधी नुसते अलंकार, म्हणजे सारेगमचे सरावाचे पलटे, काळी चारमधे, सा काळी चार, रे काळी पाच, ग पांढरी एक, आणि म काळी एक. म्हणजे जिथे त्यांचा सा होता तिथे आता म आला, आणि बोट सारखं त्याला सा समजून तिथे थांबायला बघायचं. त्यात लाईट गेली. त्यात पांढरी चार दाबली की दाबलेलीच राहायची, पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि पट्टी शेजारच्या पट्टीला घासते. झाकण काढून ती पट्टी बाजूने पॉलिश पेपरने जराशी घासली, सरांनी मोबाईलची बॅटरी धरली. (पेटी उघडली तरी आतल्या स्वरांच्या पितळी पात्यांना हात लावू नका, एवढं सगळ्यांनाच सांगते, ती एकदा वाकली की दुरुस्तीला नंदुरबार नाहीतर धुळं गाठावं लागतं.)

जेवण झाल्यावर मुलींना परत बोलावलं. अधीक्षिका मॅडम आधी नको म्हणत होत्या, झोपायची वेळ झाली म्हणून, पण मग स्वतःच येऊन बसल्या. सरांनी काळी चारमधे मुखडा धरला, दोनदा अडखळले, तिसऱ्यांदा सरळ गेले. अंतरा आला. मी मुद्दाम कुणाला काही सांगितलं नव्हतं, फक्त रांगा मोडून सगळ्यांना गोलात बसवलेलं, आणि त्या उंच पोरीला सरांच्या अगदी समोर. तार सा ला ती गेली आणि पुढे ग ला पण गेली, तोंड पूर्ण उघडून, आणि तिच्या मागे बाकीच्या गेल्या, कुणाचा घसा ताणलेला नाही. सरांनी पेटी थांबवली नाही पण माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. शेजारच्या पोरीने, दुपारी जिने मला "ती बेसूर आहे" सांगितलं होतं, तिने गाणं मधेच सोडून ह्या पोरीकडे वळून बघितलं. मग तर झोपायला कुणी तयार नाही, शेवटी अधीक्षिका मॅडमच म्हणाल्या तुमचं घरचं एखादं म्हणा आणि उठा. तर पोरींनी त्यांचं पावरी बोलीतलं गाणं उचललं, दोन गट करून, न सांगता. मी गुपचूप अॅप लावून बघितलं, काळी चारच्या अलीकडे-पलीकडेच सुरू केलेलं.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीला १०० च्या वर मुलं असतील तर कलेसाठी अर्धवेळ निदेशक असावा असं लिहिलेलं आहे. मी जाते त्या डोंगरातल्या शाळांमधे संगीत शिकलेला असा माणूस मला अजून भेटलेला नाही, भेटतात ते हे विज्ञानाचे सर, नाहीतर एखादे हौशी कामाठी मामा (आश्रमशाळेतले मदतनीस), जे स्वतःच्या आवडीतून पोरांना गाणं देतात. त्यांना कुणी कधी एवढं तरी सांगायला पाहिजे की पोरांचा सा आणि आपला सा एक नसतो. हे शिकवायला एक दिवस पुरतो हो. पेटी नसेल तर मोबाईल पुरतो. आणि ते न सांगितल्यामुळे किती पोरं "मला गाता येत नाही" हे घेऊन आयुष्यभर फिरतात ह्याचा विचार केला की मला खरंच त्रास होतो.

९ तारखेचा प्रोग्राम झाला. माईक एकच आणि तोही कुरकुरणारा, भाषणं लांबली, बाहेर ढोल सुरू झाल्यामुळे अर्ध्या लोकांना गाणं ऐकूच आलं नसेल. ती पोरगी पहिल्या रांगेत होती. तिचे आई-वडील आलेले, त्यांना वेगळं काही वाटलं नाही, पोरगी गाते हे त्यांना माहीतच होतं.

नंतर महिन्याभराने सरांचा फोन, "मॅडम, नववीना पोरेसना आवाज फुटी गया, आते काय करानं?" मुलींचं बघून मुलांनाही ग्रुपमधे यायचं होतं आणि सरांना प्रश्न पडला की ह्यांना कुठल्या पट्टीत बसवू. म्हटलं त्यांना वरचं काही देऊ नका, ओरडू देऊ नका, आवाज बसायला वेळ लागतो आणि दर महिन्याला बदलतो. मुलींचाच सा आणि त्याच्या खालचा प, एवढे दोनच स्वर त्यांना धरून ठेवायला द्या, मुली वर गातील. पण कुणालाही गप्प उभं करू नका. दिवाळीच्या सुट्टीआधी मी येते, तेव्हा नववीची सगळी पोरं गोलात बसलेली पाहिजेत, ढोलवाली दोघं पण.